धुराची साक्ष

२०२२ सालच्या मे महिन्याची १ तारीख. महाराष्ट्र दिन, आणि आमच्या गोंदिया जिल्ह्याचाही वाढदिवस. १९९९ मध्ये याच तारखेला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. पण त्या संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यात या दोन्ही गोष्टींची आठवण कोणाला नव्हती. रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. रोजा सोडून, मगरिब पढून लहानथोर सगळे गच्चीवर गोळा झाले होते आणि प्रत्येकाचे डोळे पश्चिमेकडे लागले होते. चाँद दिसला तर उद्या ईद, नाही तर परवा.

त्या दिशेला एरवी जंगलाची काळी रेघ दिसते. त्या दिवशी ती दिसत नव्हती. तिच्या जागी मातकट पडदा होता आणि हवेला जळक्या पाल्याचा वास होता. अंधार दाटत गेला तशी टेकडीच्या उतारावर एक बारीक तांबडी माळ उमटली. वणवा लागला होता. चाँद काही दिसला नाही. शेजारी उभ्या असलेल्या आमच्याच शाळेतल्या एका मुलाने विचारले, "सर, धुएँ ने चाँद छुपा लिया क्या?" आम्ही बेधडक सांगून टाकले, "और क्या!"

पुढे पंचांग आणि खगोलाची माहिती चाळली तेव्हा कळले की अमावास्येचा क्षण त्याच दिवशी पहाटे दोनच्या सुमारास होता. म्हणजे संध्याकाळी चंद्र जेमतेम सोळा-सतरा तासांचा. इतकी कोवळी कोर स्वच्छ आकाशातही नुसत्या डोळ्यांना दिसणे जवळजवळ अशक्य. देशात ईद झाली ती ३ मे रोजीच. धुराचा काही संबंध नव्हता. आम्ही विज्ञान शिकवतो, बी.एड. झालेले आहोत, आणि तरीही आम्ही धुरावर खोटा आळ घेतला होता.

गोष्ट क्षुल्लक आहे, पण ती मनातून गेली नाही. चाँदच्या बाबतीत आपल्याकडे केवढी खबरदारी घेतली जाते! साक्ष द्यायला आलेला माणूस कोण, तो कुठे उभा होता, कोर कोणत्या बाजूला झुकलेली होती, त्याची नजर कशी आहे, तो खरे बोलणारा म्हणून ओळखला जातो का, हे सगळे विचारल्याशिवाय त्याची गवाही कोणी मान्य करीत नाही. मग धुराच्या बाबतीत आपण असे का करीत नाही? धूर दिसला की आपण लगेच गुन्हेगाराचे नाव घेऊन मोकळे होतो. त्या वर्षी आम्ही चंद्रासाठी धुराला दोष दिला. पुढच्या वर्षी आमच्या हातून याहून वाईट चूक घडली. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

*

आधी आमच्याकडच्या वणव्याविषयी. आमच्या जिल्ह्याची ओळख धानाची, तलावांची आणि जंगलाची. नवेगाव आणि नागझिरा ही नावे मराठी वाचकाला नवी नाहीत. २०१३ च्या डिसेंबरात ही दोन्ही जंगले मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वन विभागाच्या हिशेबी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. या दिवसांत सागाची, मोहाची, पळसाची पाने गळून जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. एक काडी पुरते.

काडी लागते ती बहुधा माणसाच्या हातून. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे टपटप खाली पडतात. ती पाल्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ केली जाते. हे ठिणगीचे पहिले कारण. दुसरे कारण तेंदूचे. तेंदूच्या झुडपाखालून आग फिरली की नवे धुमारे फुटतात आणि पान कोवळे, नरम, बिडीजोगे येते, असा पिढ्यान्पिढ्यांचा समज आणि अनुभव आहे. हाच परिणाम फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे जमिनीलगत छाटूनही मिळतो. पण छाटणीला मजुरी द्यावी लागते. काडीला द्यावी लागत नाही. या एका वाक्यात आमच्याकडच्या वणव्याचे निम्मे अर्थशास्त्र आले.

पुढे एप्रिलअखेरपासून तेंदूची तोड सुरू होते. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. बायाबापडे पहाटे जंगलात जातात, दुपारी घरी बसून पुडकी बांधतात, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. तिथून ते पान वाळून, गोण्यांत भरून गोदामात जाते आणि गोदामातून आमच्यासारख्यांच्या मोहल्ल्यात येते. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या आया मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळतात. त्या ओल्या पानाचा आणि जर्द्याचा वास मुलांच्या वह्यांनाही असतो. जंगल आमच्यापासून दूर आहे, असे आम्हांला वाटत आले आहे. पण ते आमच्या उंबऱ्याच्या आत, सुपात येऊन बसलेले असते.

*

आता आकाशातल्या साक्षीदाराविषयी. कृत्रिम उपग्रहाला उर्दू पुस्तकात 'मसनूई सय्यारा' म्हणतात. हा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. तो शिकवता शिकवता आम्हांला कळले की जमिनीवरची आग आणि तिचा धूर हे उपग्रह दोन वेगळ्या रीतींनी पाहतात.

आग पाहणे त्या मानाने सोपे. तापलेली वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण फेकते. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एखादा चौकोन फारच जास्त किरण फेकत असेल तर तिथे आग आहे, असा निष्कर्ष काढला जातो. १९९९ मध्ये सोडलेला 'टेरा' आणि २००२ मधला 'अ‍ॅक्वा' या नासाच्या उपग्रहांवरील 'मोडिस' हे उपकरण साधारण एक किलोमीटरच्या चौकोनात आग ओळखते. २०११ मधल्या 'सुओमी एनपीपी' वरचे 'व्हीआयआयआरएस' ३७५ मीटरच्या चौकोनात ओळखते. हा उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून अशा माहितीवरून राज्यांच्या वन विभागांना आगीच्या सूचना देत आली आहे. आता ती सूचना वनरक्षकाच्या मोबाइलवर येते.

धूर मोजणे याहून अवघड. त्याची एक रीत अशी : सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवरून परततो आणि उपग्रहापर्यंत पोहोचतो. वाटेत धुराचे कण असले की तो विखुरतो, काही शोषला जातो. किती विखुरला, किती शोषला यावरून हवेत कणांचा भार किती ते काढतात. दुसरी रीत वायूंची. २०१७ च्या ऑक्टोबरात युरोपने सोडलेल्या 'सेंटिनेल-५पी' या उपग्रहावरचे 'ट्रोपोमी' हे उपकरण कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड अशा वायूंचा माग काढते. अर्धवट जळालेल्या पाल्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हवेत कित्येक आठवडे टिकतो, म्हणून एका देशातला धूर दुसऱ्या देशात गेला तरी तो ओळखू येतो. कॅनडातल्या जंगलांचा धूर २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कवर उतरला आणि तिथले आकाश केशरी झाले, तेव्हा त्याचा सारा प्रवास उपग्रहांनी टिपला होता.

पण या साक्षीदाराच्या नजरेला मर्यादा आहेत, आणि त्या समजून घेतल्याशिवाय त्याची साक्ष घेणे हा अन्याय होईल. एक तर तो वरून पाहतो. जमिनीपासून आकाशापर्यंतचा हवेचा जो उभा खांब आहे, त्या सगळ्यातला धूर त्याला एकत्र दिसतो. तो धूर दोन किलोमीटर उंचीवर तरंगतो आहे की झोपलेल्या मुलाच्या नाकाशी आहे, हे त्याला एकट्याने सांगता येत नाही. त्यासाठी जमिनीवर हवा मोजणारे यंत्र हवे, वारा आणि आर्द्रतेची माहिती हवी, आणि या सगळ्यांचा मेळ घालणारे गणित हवे. आमच्या शाळेच्या पंचक्रोशीत तसे यंत्र आम्ही पाहिलेले नाही. दुसरे, विखुरलेल्या सूर्यप्रकाशावरून धूर मोजायचा तर सूर्य हवा. रात्रीचा धूर या रीतीने मोजता येत नाही, आणि रात्रीच्या थंड हवेत धूर जमिनीलगत दाबून बसतो. तिसरे, ढग आले की नजर बंद. चौथे, झाडांखाली पाल्यातून सरपटत जाणारी मंद आग त्याच्या नजरेतून अनेकदा सुटते. मोठ्या, भडकलेल्या आगीचा धूर उंच जातो आणि वरून ठळक दिसतो. पाल्यातल्या धुमसत्या आगीचा धूर गावात शिरतो आणि वरून कमी दिसतो. म्हणजे जो धूर माणसाच्या जास्त जवळ, तोच बऱ्याचदा त्या थोर नजरेपासून जास्त दूर. चुलीच्या धुराचे तर बोलायलाच नको. छपराखालच्या त्या धुराची नोंद आमच्या अम्मींच्या डोळ्यांनी आणि छातीने केली. ती कोणत्या नकाशात आली नाही.

असे असूनही एका गोष्टीसाठी आम्ही या साक्षीदारापुढे मान झुकवतो. आगींची ही माहिती नासा 'फर्म्स' या संकेतस्थळावर काही तासांत सगळ्या जगाला फुकट देते. त्या तक्त्यात प्रत्येक आगीपुढे अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, आगीची ताकद असे रकाने असतात आणि त्यांतच आणखी एक रकाना असतो : भरवसा. कमी, साधारण किंवा जास्त. म्हणजे साक्षीदार स्वतःच सांगतो की माझ्या या साक्षीवर किती विश्वास ठेवायचा. आपल्यापैकी कितीजण कोणावर बोट दाखवताना हा रकाना भरतात?

*

आम्ही तो भरला नाही. २०२३ च्या मार्चमध्ये, रमजान लागण्याच्या आधी, नववीच्या वर्गात उपग्रहांचा धडा चालला होता. मुलांना जिवंत उदाहरण द्यावे म्हणून आम्ही मोबाइलवर तो आगीचा नकाशा उघडला आणि आपला तालुका मोठा करून दाखवला. हिरव्या रंगावर लाल ठिपके होते. मुले बाकांवरून उठून भोवती जमली. एक ठिपका ओळखीच्या रस्त्याजवळ होता. कोणीतरी म्हणाले, "अरे, इधर तो इसके अब्बा की फळी रहती है!" सगळा वर्ग एका मुलाकडे वळला. त्याचे वडील तेंदूच्या हंगामात फळीवर मुन्शी म्हणून काम करतात. दुसरा म्हणाला, "मतलब आग इसके घरवालों ने लगाई." वर्ग हसला. आणि सांगायला लाज वाटते, आम्हीही हसलो. धडा रंगला याचा आनंद झाला होता.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. आई दारात बसून बिड्या वळत होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आतून खुर्ची आणायला लावली. मुलगा आमच्यासमोर आला नाही. वडील आले. रागावलेले नव्हते, आणि तेच जड गेले. आम्ही माफी मागितली. सांगितले की तो ठिपका म्हणजे नेमकी जागा नव्हे; ३७५ मीटरच्या चौकोनाचा तो मध्य असतो. आग त्या चौकोनात कुठेही असू शकते. ती जंगलातली असेल, शेताच्या धुऱ्यावरची असेल, विटाभट्टीचीही असेल. फळीचा त्याच्याशी संबंध आहे असे त्यावरून मुळीच ठरत नाही, आणि मार्चमध्ये तर फळी सुरूही झालेली नसते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले :

"सर, आग हम नहीं लगाते. वो बच्चे को भी मालूम है. लेकिन पत्ता नरम आता है ना, तो हम पूछते भी नहीं के कैसे आया."

आम्ही तिथून निघालो ते हे वाक्य घेऊनच. माफी मागायला गेलो होतो आणि कबुलीजबाब ऐकून परतलो. तोही अशा माणसाचा, ज्याच्यावर खोटा आरोप झाला होता. त्याने आपल्यावरचा आळ झटकला आणि त्याच दमात आपला खरा वाटा किती तेही सांगून टाकले. आम्ही वर्गात ज्या गोष्टीला विज्ञान म्हणत होतो, त्यापेक्षा ही साक्ष अधिक काटेकोर होती.

घरी येताना शाळा लागली. वर्गाच्या छपराकडे नजर गेली. ते छप्पर काही वर्षांपूर्वी तेंदूपत्त्याच्या एका व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून झाले आहे. त्याच्या भल्यासाठी आम्हीच हात उंचावून दुआ मागितली होती. पान कसे आले हे आम्हीही विचारले नव्हते.

*

तेव्हा प्रश्न असा आहे : धूर दिसला, मोजला गेला, कुठून निघाला तेही कळले. मग तो कोणाचा?

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. ज्याने काडी लावली त्याचा. पण पंजाबमध्ये काय झाले ते पाहू. धानाचे खुंट जाळणाऱ्या शेतकऱ्यांना उपग्रहावरून हुडकून दंड झाले, गुन्हे दाखल झाले, जमिनीच्या दप्तरात लाल नोंदी झाल्या. आगींचे ठिपके कमी झाले. पण २०२४ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की ठिपके घटले तरी हवेतला धूर त्या मानाने घटलेला नाही. दिवसभर एकाच जागेवर नजर ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या उपग्रहाने दाखवले की दुपारचा उपग्रह निघून गेल्यानंतर आगी लागत होत्या. पाहणारा कधी येतो हे कळले की माणूस त्याच्या पाठीमागे काम उरकतो. शाळेतही हेच होते. पर्यवेक्षक वर्गाबाहेर गेला की कुजबुज सुरू. कोणी पाहते म्हणून सोडलेली वाईट गोष्ट ही सोडलेली नसतेच. ती फक्त पुढे ढकललेली असते. आणि त्या शेतकऱ्यालाही विचारले पाहिजे की खुंट काढायला यंत्र, पैसा आणि वेळ त्याच्याकडे होता का. ज्याच्यापुढे दुसरी वाट ठेवलीच नाही, त्याच्यावर फक्त नजर ठेवणे हा न्याय नव्हे, पहारा आहे.

दुसरे उदाहरण याच्या उलट टोकाचे. इंडोनेशियातल्या आगींचा धूर वर्षानुवर्षे समुद्र ओलांडून सिंगापूरला जातो. सिंगापूरने २०१४ मध्ये कायदा केला. उपग्रहाची माहिती, वाऱ्याची दिशा आणि जमिनीचे नकाशे यांवरून धूर एखाद्या कंपनीच्या ताब्यातल्या जमिनीवरून आला असे दिसले, तर तिचा त्यात हात आहे असे आधी गृहीत धरायचे. तसे नाही हे कंपनीने सिद्ध करायचे. हा कायदा कितपत चालला हा वेगळा मुद्दा. पण त्यामागचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे. त्याने काडी कोणाच्या हातात होती एवढेच विचारले नाही. जमीन कोणाच्या ताब्यात आणि पीक कोणाच्या पदरात, हेही विचारले.

साक्ष तीच, आकाशातूनच आलेली. एका ठिकाणी ती सर्वांत दुबळ्या माणसाच्या दारात जाऊन थांबली, दुसऱ्या ठिकाणी तिला निदान वरच्या मजल्यावर नेण्याचा प्रयत्न झाला. उपग्रह दोन्हीकडे सारखाच प्रामाणिक होता. फरक त्याच्या साक्षीवरून निवाडा करणाऱ्यांत होता. म्हणून आम्हांला वाटते की उपग्रहाला न्यायाधीश समजणे ही पहिली चूक, आणि त्याला चुगलखोर समजून त्याचा तिरस्कार करणे ही दुसरी. तो चश्मदीद गवाह आहे, तेवढाच. त्याने धूर मोजून दिला. तो धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा, हा हिशेब आपला.

आमच्या जिल्ह्यात हा हिशेब मांडायचा झाला तर खाते एकाचे निघत नाही. काडी लावणाऱ्याचे त्यात नाव आहेच. गरिबी ही सगळ्या गोष्टींची सबब होऊ शकत नाही, कारण धूर सर्वांत आधी गरिबाच्याच झोपडीत शिरतो. पण नरम पानाला भाव देऊन छाटणीची मजुरी टाळणाऱ्याचे नाव त्याच्यावर लिहावे लागेल. न विचारणाऱ्या मुन्शीचे, बिडी ओढणाऱ्याचे, वळलेल्या बिडीवर घर चालवणाऱ्या आमच्या मोहल्ल्याचे, आणि देणगीच्या छपराखाली बसून 'हवेचे प्रदूषण' शिकवणाऱ्या मास्तरांचेही. प्रत्येकाचा वाटा सारखा नाही. ज्याला वाट बदलता येते आणि तरी तो बदलत नाही, त्याचा वाटा मोठा. जिच्यापुढे सुपाशिवाय दुसरे काही नाही, त्या बाईचा नगण्य. पण वाटा लहान असणे आणि तो नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुन्शींनी तो नाकारला नाही. म्हणून त्यांचे वाक्य आमच्या लक्षात राहिले.

*

या हिशेबात एक नोंद अशी आहे की जिच्यापुढे सगळी चर्चा गप्प होते. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन हंगामी वनमजूर जळून मेले. आणखी दोघे गंभीर भाजले. ही माणसे आमच्याच परिसरातल्या गावांतली, रोजंदारीवर जंगल वाचवायला गेलेली. त्या दिवसाच्या तक्त्यात आगीचे अक्षांश-रेखांश मिळतील, ताकद मिळेल, भरवशाचा रकाना मिळेल. हे तिघे त्या तक्त्यात कुठे नाहीत. त्यासाठी रकानाच नाही. तो असावा अशी अपेक्षा आम्ही उपग्रहाकडून करीत नाही. ते त्याचे काम नव्हे. पण तो रकाना कोणाकडे तरी असला पाहिजे. वरून जे दिसत नाही ते खालच्याने पाहायचे, लिहायचे, सांगायचे. खालचा गप्प राहिला तर वरची साक्ष अर्धीच राहते, आणि अर्धी साक्ष कधी कधी खोट्या साक्षीइतकीच घातक ठरते. आमच्या वर्गातल्या त्या मुलाने हे सोसले आहे.

दुसरी वाट नाही असेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आमच्या आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. जंगल आपले झाले की त्यात काडी टाकताना हात थबकतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूचे उत्पन्नच सोडून दिले; फांद्यांची तोड आणि आगी यांनी जंगलाचे होणारे नुकसान त्यांना त्या पैशापेक्षा जड वाटले. मोहाच्या झाडाखाली जाळी बांधली तर फुले जाळीत पडतात, पाला जाळावा लागत नाही. छाटणीची मजुरी पानाच्या भावातच धरली तर काडीची गरज राहत नाही. यातले काही उपग्रहाने शिकवलेले नाही. त्याने फक्त, आम्हांला माहीत नव्हते, हे म्हणण्याची सोय काढून घेतली. माहीत नसलेल्याला माफी असते. ज्याच्या मोबाइलवर रोज रात्री लाल ठिपके येतात, त्याला ती नाही.

तो मुलगा पाचव्या दिवशी शाळेत आला. आम्ही वर्गासमोर, त्याच्या देखत सांगितले की त्या दिवशी चूक सरांची होती, आणि ती काय होती. मग मुलांना एक वही दिली. हंगाम संपेपर्यंत रोज तिच्यात लिहायचे : तारीख, सकाळी टेकडी स्पष्ट दिसली की अंधुक, धुराचा वास आला का, घरात कोणाला खोकला आहे. शेवटी भरवशाचा रकानाही ठेवला. स्वतः पाहिले असेल तर 'जास्त', कोणाकडून ऐकले असेल तर 'कमी'. आणि नियम एकच : धूर लिहायचा, माणसाचे नाव लिहायचे नाही, नाव घ्यायचे असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन यायचे.

ती वही आता आमच्या कपाटात आहे. दोन ओळी सोडल्या तर तिच्यात विशेष काही नाही. एप्रिलमधल्या एका तारखेपुढे त्याच मुलाच्या अक्षरात लिहिले आहे : टेकडी दिसली नाही. अम्मीला रात्रभर खोकला. भरवसा : जास्त.

त्या रात्रीचा नकाशा आम्ही नंतर उघडून पाहिला. आमच्या बाजूला एकही ठिपका नव्हता.